ऑस्टिओपॅथकडे पहिल्यांदा जाताना काय माहीत असावे?

तुमचा प्रश्न मी आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही उत्तराचा संदर्भ कळेल. तुमचे वय 42 आहे. चार महिन्यांपासून कंबर दुखते आहे. एमआरआयच्या अहवालात कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादी फुगल्याचे लिहिले आहे, मात्र शस्त्रक्रियेची गरज नाही असे अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितले आहे. ओळखीतल्या कोणीतरी सुचवल्यामुळे तुम्ही ऑस्टिओपॅथची पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे. आता तिथे नेमके काय करतात, मणका ‘कडकन’ वाजवतात ते धोक्याचे असते का, कपडे काढावे लागतात का आणि किती वेळा जावे लागेल, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

मी चोवीस वर्षे ऑस्टिओपॅथ म्हणून काम करते आहे आणि नवा रुग्ण दारातून आत येतो तेव्हा त्याच्या मनात हेच चार प्रश्न असतात, हे मला अनुभवाने माहीत आहे. मात्र या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे असे मला वाटते: अनोळखी माणसाच्या हाती आपली पाठ सोपवायची, ती कशाच्या भरवशावर? माझे उत्तर असे की, हा भरवसा उपचाराच्या टेबलावर पडण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात ठरतो. त्या अर्ध्या तासात तुम्हाला काय विचारले जाते आणि तुम्ही काय सांगता, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

आधी या पद्धतीची ओळख करून देते. अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकी डॉक्टरने 1874 मध्ये ऑस्टिओपॅथीची कल्पना मांडली आणि 1892 मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिची पहिली शाळा काढली. पुढे तिच्या दोन वेगळ्या वाटा झाल्या. अमेरिकेत या शाखेची पदवी घेतलेले लोक पूर्ण अर्थाने डॉक्टर असतात. ते औषधे लिहून देतात आणि शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटनमध्ये आणि इतर अनेक देशांत ऑस्टिओपॅथ प्रामुख्याने हातांनी उपचार करतो. ब्रिटनमध्ये 1993 च्या कायद्यामुळे नोंदणीशिवाय स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेणे हा गुन्हा ठरतो, परंतु सगळीकडे अशी बंधने नाहीत. म्हणून पाटीवरील नावावर न थांबता, शिक्षण कुठे आणि किती वर्षे झाले, हे सरळ विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये या शिक्षणाचे जे निकष प्रसिद्ध केले, त्यांत वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या विद्यार्थ्यासाठी सुमारे 4200 तासांचे शिक्षण आणि त्यात किमान 1000 तास देखरेखीखालील प्रत्यक्ष रुग्णसेवा अपेक्षित आहे. चार दिवसांच्या शिबिरात मिळालेले प्रमाणपत्र आणि हे शिक्षण यांत काय अंतर आहे, ते यावरून कळेल. हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. मला कोणी विचारले, तर हा रुग्ण स्वतःची काळजी घेणारा आहे असेच मी समजते.

आता त्या अर्ध्या तासाकडे येते. मी पहिल्या भेटीसाठी जवळपास एक तास राखून ठेवते आणि त्यातला निम्मा वेळ बोलण्यात जातो. दुखणे कधी सुरू झाले, कशाने वाढते, कशाने कमी होते, पायात कळ उतरते का, मुंग्या येतात का, हे प्रश्न अपेक्षितच असतात. परंतु वजन न ठरवता कमी झाले आहे का, रात्री दुखण्याने झोपमोड होते का आणि कूस बदलली तरी थांबत नाही का, ताप येतो का, पूर्वी कधी कर्करोग झाला होता का, बराच काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या आहेत का, असेही प्रश्न मी विचारते, आणि कंबरदुखीसाठी आलेल्या माणसाला ते बरेचदा विषय सोडून वाटतात. वास्तविक हेच प्रश्न सर्वांत महत्त्वाचे असतात, कारण कंबरदुखीमागे एखादा मोठा आजार तर दडलेला नाही ना, हे त्यांच्यावरून कळते. असे आजार फार थोड्या लोकांमध्ये निघतात, तरी प्रत्येकाला विचारावेच लागते.

एक प्रसंग सांगते. चाळिशीतले एक गृहस्थ तीन आठवड्यांच्या कंबरदुखीसाठी आले होते. दोन्ही पोटऱ्यांत कळ येत होती, पण ते स्वतः गाडी चालवत आले होते आणि बोलतही मजेत होते. शौचानंतर स्वच्छ करताना हाताचा स्पर्श नेहमीसारखा जाणवतो का, असे मी विचारले. ते थोडे थांबले आणि म्हणाले, “दोन दिवस झाले, तिथे जरा बधिर वाटते. बसून बसून झाले असेल.” लघवीला बसल्यावर धार सुरू व्हायला वेळ लागतो, हेही मग हळूहळू बाहेर आले. मी त्या दिवशी त्यांच्या पाठीला उपचारासाठी हात लावला नाही. तपासणीचे निष्कर्ष लिहून चिठ्ठी दिली, रुग्णालयात फोन केला आणि त्यांना तत्काळ पाठवले; त्याच रात्री त्यांची शस्त्रक्रिया झाली. कण्याच्या खालच्या टोकाकडील मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आला की असे होते, आणि काही तासांचा उशीरही लघवी-शौचावरील ताबा कायमचा हिरावून घेऊ शकतो. संकोचाने त्यांनी ‘सगळे ठीक आहे’ असे म्हटले असते तर काय झाले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, की असा प्रश्न आला तर लाजू नका, आणि समोरच्याने विचारलाच नाही तर स्वतःहून सांगा. जांघेत, गुदद्वाराभोवती किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, पायातील ताकद दिवसेंदिवस कमी होत जाणे, यांपैकी काहीही असेल तर ते ऑस्टिओपॅथचे काम नव्हे. त्यासाठी थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा.

औषधांच्या बाबतीत माझी एक आग्रहाची विनंती आहे: नावे आठवून सांगण्यापेक्षा गोळ्यांची पाकिटेच सोबत आणा. एका वयस्कर बाईंनी ‘हृदयाची एक गोळी चालू आहे’ एवढेच सांगितले होते. पिशवी टेबलावर रिकामी केली तेव्हा ती रक्त पातळ करणारी गोळी निघाली, आणि तिच्या खाली हाडांच्या ठिसूळपणावरच्या औषधाचे पाकीट होते. या दोन पाकिटांनी माझी उपचाराची सारी दिशा बदलली. मणका ‘कडकन’ वाजवणारा झटका देण्याचा विचारच मी सोडून दिला आणि फक्त स्नायूंवर हलक्या हाताने काम केले. मात्र उपचाराला जायचे म्हणून यांतली कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. उपचार औषधांना धरून ठरवायचा असतो.

बोलणे संपल्यावर तपासणी होते. तुम्हाला पुढे, मागे आणि बाजूला वाकायला सांगतील, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावतील, उताणे झोपवून एकेक पाय गुडघा न वाकवता वर उचलतील, छोट्या हातोडीने गुडघ्याच्या आणि घोट्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया पाहतील, दोन्ही पायांना एकाच जागी स्पर्श करून संवेदना सारखीच आहे का ते विचारतील. त्यानंतर हाताने चाचपणे सुरू होते: कुठला सांधा आखडला आहे, कुठे स्नायू दोरीसारखा ताठ झाला आहे, कुठे दाबल्यावर तुमची नेहमीची कळ उठते. कंबर दुखत असताना घोटा किंवा पाठीचा वरचा भाग का तपासतात, असा प्रश्न पडेल. वाकताना नितंबाचा सांधा पुरेसा हलला नाही तर त्याचा वाटा कंबरेला उचलावा लागतो, आणि असे उसने काम कुठे चालले आहे ते आम्ही शोधत असतो.

कपड्यांविषयी तुम्ही संकोचत विचारले आहे, पण प्रश्न अगदी रास्त आहे. पाठीची त्वचा आणि कण्याची ठेवण दिसली तर तपासणी चांगली होते, म्हणून काही जण वरचे कपडे काढायला सांगतात. तरीही सैल, ताणला जाणारा सदरा आणि तसाच पायजमा घालून बहुतेक सगळी तपासणी करता येते. जे काही उतरवायला सांगितले जाईल त्याचे कारण आधी सांगितले गेले पाहिजे, अंगावर घ्यायला चादर मिळाली पाहिजे, आणि सोबतचे माणूस खोलीत बसवायचे असेल तर त्याला हरकत असता कामा नये. संमती एकदा दिली म्हणजे कायमची दिली असे नसते. उपचार चालू असताना ‘थांबा’ म्हणालात तर हात तिथेच थांबले पाहिजेत.

आता त्या ‘कडकन’ आवाजाविषयी. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे पृष्ठभाग झटकन एकमेकांपासून दूर केले की त्या द्रवातला दाब कमी होऊन वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. बोटे मोडताना येतो तोच हा आवाज. एकदा वाजलेला सांधा साधारण वीस मिनिटे पुन्हा वाजत नाही, हे तुम्ही बोटांवरही पाहिले असेल. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नसतो, कारण हाड जागेवरून हललेलेच नसते. आवाज आला नाही म्हणून उपचार फसला, असेही नसते. सरावाच्या पहिल्या वर्षी मी एका तरुणीला काहीही न सांगता असा झटका दिला होता. तिला वाटले, आपला मणकाच मोडला. ती थरथरत उठली आणि परत कधी आली नाही. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून काय करणार आहे, कसे वाटेल, आवाज येऊ शकेल आणि दुसरा पर्याय कोणता आहे, हे सांगितल्याशिवाय मी झटका देत नाही.

शिवाय झटका हा अनेक साधनांपैकी फक्त एक आहे. स्नायू दाबून, ताणून सैल करणे, सांधा हळूहळू लयीत हलवणे, आणि रुग्णाने माझ्या हाताविरुद्ध काही सेकंद हलकेच जोर लावून मग सोडून देणे, या पद्धती मी जास्त वापरते. तुम्हाला झटका नको असेल तर तसे स्पष्ट सांगा. त्याविना उपचार करता येत नाही असे कोणी म्हणाले, तर त्याला उरलेल्या पद्धती नीट येत नसाव्यात असे मी समजेन.

मानेची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तिथे मी अधिक सावध असते. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या मानेतून जातात. मानेला झटका दिल्यानंतर धमनीच्या भिंतीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्या अत्यंत विरळ आहेत, आणि त्यांतल्या काहींमध्ये इजा आधीच झालेली असून तिच्यामुळे होणाऱ्या मानदुखीसाठीच माणूस उपचाराला आलेला असावा, असाही अभ्यासकांचा अंदाज आहे. काहीही असले तरी पूर्वी कधी न जाणवलेली तीव्र मानदुखी किंवा डोकेदुखी, चक्कर, एकाऐवजी दोन दिसणे, जीभ जड होणे, गिळायला त्रास होणे, यांपैकी काही असताना मानेला कोणालाही हात लावू देऊ नये आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. तुमची तक्रार कमरेची आहे, त्यामुळे मानेला झटका देण्याची गरज का आहे, याचे समाधानकारक कारण मिळाल्याशिवाय तो घेऊ नका.

तुमच्या एमआरआयकडे वळते, कारण ‘गादी फुगली’ या दोन शब्दांची तुम्ही फार धास्ती घेतलेली दिसते. ज्यांना काहीही दुखत नाही अशा 3110 लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे 30 टक्के, चाळिशीतल्या सुमारे 50 टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या 84 टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या आढळल्या. म्हणजे तुमच्या वयाच्या, ठणठणीत असलेल्या दोन माणसांपैकी एकाच्या अहवालात हेच वाक्य लिहिलेले सापडेल. तुमचे दुखणे खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते त्या गादीमुळेच आहे की नाही, हे एकट्या अहवालावरून ठरत नाही. पायाची ताकद, संवेदना आणि दुखण्याची तऱ्हा त्याच्याशी जुळते का, हे पाहावे लागते. अहवाल जरूर न्या, मात्र तो पाहून तपासणी न करताच उपचार सुरू झाला, तर थांबवा.

उपयोग किती होतो, याचे प्रामाणिक उत्तर ‘मध्यम’ असे आहे. जुनाट कंबरदुखीवर हाताने केलेल्या मणक्यांच्या उपचारांच्या 47 चाचण्यांचा आढावा 2019 मध्ये आला. त्यानुसार हे उपचार व्यायामासारख्या मान्यताप्राप्त उपायांच्या तोडीचे आहेत, वरचढ नाहीत. 2021 मध्ये फ्रान्समधील 400 रुग्णांच्या चाचणीत खऱ्या आणि लुटुपुटूच्या ऑस्टिओपॅथिक उपचारांची तुलना झाली. हालचालींवरील मर्यादा खऱ्या उपचाराने थोड्या अधिक कमी झाल्या, परंतु हा फरक रोजच्या जगण्यात जाणवेल की नाही अशी शंका यावी इतका लहान होता. माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने हा निष्कर्ष सुखाचा नाही, तरीही तो तुमच्यापासून लपवणे मला योग्य वाटत नाही. ब्रिटनच्या 2016 च्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांत हातांचे उपचार व्यायामासोबतच करावेत असे म्हटले आहे, आणि माझा अनुभवही तेच सांगतो. माझ्या हाताने दुखणे काही दिवस हलके होते. त्या मोकळ्या दिवसांत रुग्ण चालू लागला, वाकू लागला, कंबरेची भीती सोडून ताकद वाढवू लागला, तर सुधारणा टिकते. नुसता टेबलावर पडून राहणारा माणूस महिन्याभराने त्याच तक्रारीसह परत येतो.

यावरूनच किती वेळा जावे, याचेही उत्तर निघते. ते दुखणे किती जुने आहे, काम कसले आहे, झोप कशी आहे, यांवर अवलंबून असते, त्यामुळे पहिल्याच दिवशी कोणी नेमका आकडा सांगितला तर तो अंदाज समजावा. मी चार महिन्यांच्या दुखण्यासाठी आठवड्याला एक अशा तीन-चार भेटी ठरवते आणि चौथ्या भेटीला आम्ही दोघे मिळून हिशेब करतो. ठोस फरक नसेल तर त्याच उपचाराची आणखी आवर्तने न करता मी रुग्णाला पुन्हा डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे पाठवते. पहिल्या उपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणे, थकवा येणे स्वाभाविक आहे. व्यायाम केल्यावर दुखते तसे ते असते. ते तिसऱ्या दिवसानंतरही वाढतच राहिले, किंवा पायात नवा बधिरपणा आला, तर कळवलेच पाहिजे.

काही वाक्ये ऐकली तर मात्र सावध व्हा. ‘तुमचा मणका सरकला आहे, मी बसवून देतो’, ‘वीस भेटींचे पैसे आधी भरा’, ‘डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा’, ‘दमा, मधुमेह, वंध्यत्व सगळे यानेच बरे होते’: यांतले एकही वाक्य सरळ काम करणाऱ्याच्या तोंडी येत नाही. कवटीची हाडे हलक्या हाताने हलवून आजार बरे करण्याची एक शाखा आमच्याच क्षेत्रात आहे आणि तान्ह्या बाळांच्या रडण्यावरही ती सुचवली जाते. मी ती करत नाही, कारण तिच्या मुळाशी असलेल्या कल्पनेला पटण्याजोगा आधार मला सापडलेला नाही.

जाण्यापूर्वी एक छोटे काम करून ठेवा. दुखण्यामुळे आज तुम्हाला जमत नाहीत अशा दोन गोष्टी एका कागदावर मोजमापासह लिहा: किती मिनिटे बसल्यावर उठावे लागते, मोजे घालायला खाली वाकता येते का, पुढे वाकल्यावर बोटे गुडघ्यापर्यंत पोहोचतात की नडगीच्या मध्यापर्यंत. हा कागद पहिल्या भेटीत दाखवा आणि चौथ्या भेटीत पुन्हा काढा. ‘बरे वाटते’ हे त्या दिवशीच्या मनःस्थितीवरही अवलंबून असते, पण दहा मिनिटांचे बसणे चाळीस मिनिटांवर गेले की शंकेला जागा राहत नाही. तोपर्यंत पूर्ण विश्रांती घेऊन पडून राहू नका, सोसेल तेवढे चालत राहा. आणि दरम्यानच्या काळात लघवीविषयी किंवा बधिरपणाविषयी वर सांगितलेले एखादे लक्षण जाणवले, तर घेतलेल्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा.